मेल सर्व्हरचे नियम आणि मेल पोहोचवण्याची जबाबदारी : पार्श्वभूमी

हापूसच्या हंगामात दापोली-रत्नागिरीकडचे बागायतदार, वाहतूकदार आणि मुंबई-पुण्याचे व्यापारी यांची दरपत्रके आणि बिले आता बहुतांशी ई-मेलने जातात. दापोली तालुक्यातील एका लहान संस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो आणि दर हंगामात एकच प्रश्न पुन्हा समोर येतो : पाठवणाऱ्याचा सर्व्हर नियमाप्रमाणे वागत नसेल, तर त्याचा मेल घ्यावा की परत पाठवावा? परत पाठवला तर चूक तिकडच्या तंत्रज्ञाची असते आणि बिल अडते आमच्या बागायतदाराचे. या वादाचे मूळ ४० वर्षांहून जुने आहे.

ई-मेल वाहून नेण्याच्या नियमांचा, म्हणजे एसएमटीपीचा, मसुदा जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ म्हणून प्रसिद्ध केला. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज.) त्याआधी १९८० मध्येच त्यांनी टीसीपीच्या, म्हणजे संगणकांमधील माहितीच्या देवाणघेवाणीच्या नियमांच्या, दस्तऐवजात एक तत्त्व मांडले होते : आपण पाठवताना काटेकोर असावे, दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे. त्या काळी जाळ्यावर दोन-अडीचशे संगणक होते आणि ते चालवणारे बहुतेक एकमेकांना ओळखत. ‘अमुक वाडी, वडाजवळ’ एवढ्या पत्त्यावर पत्र पोहोचवणाऱ्या पोस्टमनची ती उदारता होती; ओळख होती म्हणून ती परवडत असे.

ही उदारता केवळ सवयीची नव्हती, नियमातच लिहिलेली होती, आणि याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. जोडणी होताच पाठवणारा सर्व्हर हेलो या आज्ञेने आपले नाव सांगतो. ते नाव त्याच्या आयपी पत्त्याशी, म्हणजे जाळ्यावरील आकडी पत्त्याशी, जुळते का हे तपासण्यास १९८९ च्या आरएफसी ११२३ ने मुभा दिली, पण जुळले नाही म्हणून मेल नाकारू नये, असेही त्याच परिच्छेदात बजावले. २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही ही मनाई कायम आहे. म्हणजे नाव जुळत नाही एवढ्याच कारणाने मेल फेटाळणारा व्यवस्थापक ‘मी नियम पाळतो’ असे म्हणतो, तेव्हा तो नियमाबाहेर गेलेला असतो. अशा व्यवस्थापकांशी माझी पत्रापत्री झाली आहे. अर्थात, फोनवरून, कारण माझे मेल ते घेत नव्हते.

तरीही त्यांची भीती निराधार नव्हती. १९९० च्या दशकात स्पॅम वाढला. कोणाचाही मेल कोणाकडेही पोहोचवून देणे हा तोवर शेजारधर्म होता. आता स्पॅमवाले त्याचाच फायदा घेऊ लागले, आणि १९९८ मध्ये सेंडमेल या मेल सर्व्हर प्रणालीच्या ८.९ आवृत्तीने ही सोय मुळातच बंद करून टाकली. रिव्हर्स डीएनएसची, म्हणजे आयपी पत्त्यावरून उलट नाव शोधण्याची, तपासणी आणि स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या याद्या याच काळात रुळल्या. त्याचा फटका बसला तो साध्या ब्रॉडबँडवर स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या लहान कार्यालयांना, कारण आयपी पत्त्याची उलट नोंद त्यांच्या हातात नसून सेवा देणाऱ्या कंपनीच्या हातात असते.

काटेकोरपणाची बाजू सर्वांत ठामपणे मांडली ती क्यूमेल ही मेल सर्व्हर प्रणाली लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टीन यांनी. एसएमटीपीत ओळ सीआर आणि एलएफ या दोन अदृश्य नियंत्रण-चिन्हांनी संपते. क्यूमेल एकटा एलएफ आला की मेल घेत नसे. तेव्हा हा हट्ट वाटला. डिसेंबर २०२३ मध्ये ‘एसएमटीपी स्मगलिंग’ ही खोट्या नावाने मेल घुसवण्याची युक्ती उघड झाली. एकटा पूर्णविराम असलेली ओळ ही मेल संपल्याची खूण असते. त्या ओळीभोवती एकटा एलएफ वापरला की एका सर्व्हरला मेल चालू वाटे आणि उदार सर्व्हरला तो संपलेला वाटे, मग उरलेला मजकूर दुसऱ्याच कोणाच्या नावाने स्वतंत्र मेल होऊन आत शिरे. पोस्टफिक्स, एक्झिम आणि सेंडमेल या तिन्ही मेल सर्व्हर प्रणालींना दुरुस्ती करावी लागली. इथे बर्नस्टीन बरोबर होते, असे माझे मत आहे.

एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या, मेल खरोखर त्या डोमेनकडूनच आला का हे तपासण्याच्या पद्धतींचा इतिहास लांबलचक आहे. येथे एवढेच पुरे की एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे नकाराचे धोरण (तपासणीत न बसणारा मेल नाकारावा) लावले, तेव्हा प्रामाणिक मेलिंग लिस्टमधूनही मेल परत येऊ लागले; आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांवर या तिन्हींची सक्ती झाली.

या दोन टोकांमधली वाट मूळ मसुद्यातच होती. पाचने सुरू होणारे उत्तर म्हणजे कायमचा नकार, चारने सुरू होणारे म्हणजे ‘पुन्हा या’. दुसऱ्या प्रकारात, किंवा समोरचा सर्व्हर सापडलाच नाही तर, पाठवणारा मेल रांगेत ठेवून चार-पाच दिवस प्रयत्न करीत राहतो. २००३ मध्ये आलेले ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी पाठवणाऱ्याला आधी ‘पुन्हा या’ सांगणे, याच सोयीवर उभे आहे. आमच्याकडे हेलोचे नाव न जुळल्यास फक्त नोंद होते, शंकास्पद मेलला चारचे उत्तर जाते, आणि एकट्या एलएफला थेट नकार मिळतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोलीतील अनेक गावांची वीज कित्येक आठवडे गेली होती. रांगेची मुदत मात्र पाच दिवसांचीच होती. सहाव्या दिवसापासून आमच्या नावाचे मेल पाठवणाऱ्यांकडे परत जाऊ लागले, आणि त्यात कोणत्याही सर्व्हरने कोणताही नियम मोडलेला नव्हता.