वायबीसीओ अतिसंवाहक : घडण आणि प्रवाहक्षमता

वायबीसीओ हे इट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचे काळे, ठिसूळ संयुग आहे. ते सुमारे ९२ केल्विनखाली अतिसंवाहक होते, म्हणजे त्यातून वीज रोधाविना वाहते. १९८७ मध्ये अमेरिकेत पॉल चू, माव-क्वेन वू आणि सहकाऱ्यांनी ते प्रकाशात आणले. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विन उत्कलनबिंदूवर चालणारा हा पहिला अतिसंवाहक. धातूंचे प्रमाण १:२:३ असल्याने प्रयोगशाळांत त्याला ‘एक-दोन-तीन’ म्हणतात.

हा पदार्थ तयार करणे सोपे आहे, त्यातून मोठा प्रवाह नेणे अवघड. ७७ केल्विनला बाह्य चुंबकी क्षेत्र नसताना साध्या भाजलेल्या वडीतून प्रति चौरस सेंटीमीटर काही शे ते हजारभर अँपिअर जातात, तर चांगल्या पातळ थरातून दहा लाखांहून जास्त. रासायनिक सूत्र दोन्हीकडे तेच असते. प्रात्यक्षिकात वडीवर चुंबक तरंगला, तरी तिची प्रवाहक्षमता त्यावरून कळत नाही.

दहा ग्रॅम पदार्थासाठी १.६९५ ग्रॅम इट्रियम ऑक्साइड, ५.९२४ ग्रॅम बेरियम कार्बोनेट आणि ३.५८२ ग्रॅम कॉपर ऑक्साइड लागते. बेरियम कार्बोनेट विषारी असल्याने हातमोजे आणि मुखपट्टी हवीच. इट्रियम ऑक्साइड हवेतली आर्द्रता व कार्बन डायऑक्साइड शोषते, म्हणून ते आधी तापवून कोरडे करून मगच तोलावे, नाहीतर प्रमाण पहिल्याच पायरीला चुकते. मिश्रण अकीकाच्या खलात बारीक घोटून सुमारे ९०० ते ९२० °से.ला भाजतात, पुन्हा घोटतात, पुन्हा भाजतात. एका भाजणीत कार्बोनेट पुरते विघटित होत नाही. जे उरते ते कणांच्या सीमांवर साचून प्रवाह अडवते. मग भुकटी दाबून वडी करतात आणि ९३० ते ९५० °से.ला भाजतात. वडीवर हिरवट झाक आली, तर २११ (इट्रियम, बेरियम, तांबे २:१:१ प्रमाणात) हे असंवाहक हिरवे संयुग मिसळले आहे असे समजावे. कारण बहुधा तोलण्यातली चूक किंवा भट्टीचा अतिताप असतो.

भट्टीतल्या उच्च तापमानाला स्फटिकात ऑक्सिजन कमी असतो आणि तो तसाच झटकन थंड केला तर अतिसंवाहकता येत नाही. सूत्रातला ऑक्सिजन, म्हणजे इट्रियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे अणू, ६.४ च्या खाली असला की ती नाहीशी होते, ६.६ च्या आसपास संक्रमण तापमान (ज्याखाली अतिसंवाहकता येते ते) सुमारे ६० केल्विन राहते आणि ६.९ च्या वर गेल्यावरच ९० पार होते. म्हणून ४०० ते ५०० °से.दरम्यान ऑक्सिजनच्या प्रवाहात वडी बराच वेळ ठेवतात. सच्छिद्र वडीला एक दिवस पुरतो. घट्ट एकस्फटिकी ठोकळ्याला मात्र आठवडे लागू शकतात. ऑक्सिजन आत जाताना स्फटिक एका अक्षावर आक्रसतो, त्यामुळे घाई केली की ठोकळ्यात थरांना समांतर तडे जातात.

पण खरी अडचण कणसीमांची, म्हणजे वडीतले बारीक स्फटिककण जिथे एकमेकांना भिडतात तिथली. दोन कणांतल्या अणूंच्या जाळ्या एकमेकांशी काही अंशांनी तिरप्या असल्या, तरी सीमेवरचा प्रवाह कोसळतो. हे मोजमाप १९८८ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी केले. साध्या वडीत कण वाटेल तसे पडलेले असतात, त्यामुळे ती कितीही शुद्ध केली तरी फरक पडत नाही.

त्यावरचा एक उपाय म्हणजे वितळवून वाढवणे. सुमारे १०१० °से.च्या वर १२३, म्हणजे वायबीसीओच, फुटते आणि २११ व द्रव शिल्लक राहतात. ठोकळ्यावर समेरियम किंवा निओडिमियमच्या तशाच संयुगाचा बीजस्फटिक ठेवतात, कारण त्याचा वितळबिंदू जास्त असतो. मग ताप तासाला एक अंशाहूनही कमी गतीने उतरवतात, म्हणजे बीजाच्या दिशेने एकच मोठा कण वाढतो. भुकटीत मुद्दाम जास्तीचे २११ घालतात आणि अर्धा टक्का सिरियम ऑक्साइड किंवा थोडे प्लॅटिनम देऊन त्याचे कण बारीक ठेवतात. साध्या वडीत जो दोष ठरला, तोच इथे उपयोगी पडतो. चुंबकी क्षेत्र या पदार्थात बारीक भोवऱ्यांच्या रूपात शिरते आणि ते भोवरे या कणांच्या कडांशी अडकतात. भोवरे हलले की प्रवाहाला रोध येतो.

पातळ थरात हेच काम बेरियम झिरकोनेटचे पाच ते दहा नॅनोमीटर जाडीचे उभे स्तंभ करतात. क्षेत्र स्तंभांना समांतर असेल तेव्हा परिणाम सर्वांत चांगला, पण झिरकोनेट प्रमाणाबाहेर घातले तर जाळी ताणली जाते आणि संक्रमण तापमान उतरते.

लांब तारेसाठी ही ठिसूळ वस्तू ओढता येत नाही. म्हणून निकेलमिश्र धातूच्या लवचीक फितीवर दिशाबद्ध (कण एकाच दिशेने लागलेला) ऑक्साइड आधारथर देतात आणि त्यावर एक-दोन मायक्रोमीटरचा वायबीसीओ चढवतात. दिशा धातूच्या लाटणीतून आणता येते किंवा तिरप्या आयनमाऱ्याने आधारथरात उतरवता येते. वर चांदीचा पातळ थर देतात, मग ऑक्सिजनभाजणी करतात आणि शेवटी तांब्याचा मुलामा चढवतात. चांदी ऑक्सिजनला आरपार जाऊ देते, तांबे मात्र स्वतःच ऑक्सिडते. त्यामुळे मुलामा आधी दिला तर खालचा थर ऑक्सिजनवाचून राहतो आणि फीत वाया जाते.