नेपाळी म्हणजे डोंगरातली हिंदी नव्हे

सोशल मीडियावर नेपाळचा कुठलाही व्हिडिओ आला की खाली कोणीतरी लिहितंच, "ही तर हिंदीच, थोडी वाकडी". लिपी देवनागरी, शब्द संस्कृतातले, मग झालं! या न्यायाने मराठीसुद्धा हिंदीच ठरेल आणि तेव्हा हेच लोक भांडायला येतील.

नेपाळी मराठीसारखीच इंडो-आर्यन, हे खरंय. ती पश्चिम नेपाळातल्या सिंजा खोऱ्यातल्या खस लोकांची भाषा, जुनं नाव खस कुरा. पण 2021 च्या जनगणनेत नेपाळात 124 मातृभाषा नोंदल्या गेल्या आणि नेपाळी मातृभाषा असलेले निम्म्याहून कमी, साधारण 45 टक्के. डोंगरांमुळे भाषा वेगळ्या पडल्या असं आपण शाळेत शिकतो, पूर्वेकडच्या राई भाषांना (राई लोकांच्या अनेक छोट्या भाषांना) ते लागूही पडतं, पण दोन नंबरची मैथिली तर सपाट तराईतली आहे. तामाङ, नेवार, लिंबू या तिबेटो-बर्मन कुळातल्या, संथाली ऑस्ट्रोएशियाटिक, कुरुख द्राविडी, आणि कुसुंडाचं नातं तर कुठल्याच भाषेशी सिद्ध झालेलं नाही. (संस्कृत सगळ्या भाषांची आई आहे असं फॉरवर्ड करणाऱ्यांनी एकदा ही यादी बघावी. उसने शब्द घेतले म्हणजे रक्ताचं नातं होत नाही.)

आता मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. नेपाळीत 'पानी पर्‍यो' म्हणजे पाऊस पडला. पण सकाळी दार उघडलं, अंगण ओलं दिसलं, तर म्हणायचं 'पानी परेछ'. म्हणजे पडताना मी बघितला नाही, आत्ता कळतंय. आपण इथे 'पडलेला दिसतोय' किंवा 'पडला वाटतं' असा वेगळा शब्द जोडतो, ते क्रियापदाच्या शेपटीतच उरकतात. स्वतःबद्दलही चालतं, 'म त निदाएछु', म्हणजे अरे, मला झोपच लागली की, जाग आल्यावर कळलं. तुर्कीतही असं काहीतरी आहे, पण नेपाळीत हे तिबेटो-बर्मन शेजाऱ्यांच्या संगतीने पक्कं झालं असावं असा कयास आहे.

कारण शेजारी याच्याही पुढे गेलेत. काठमांडू खोऱ्यातली मूळ भाषा नेवार, तिचे लोक तिला नेपाल भाषा म्हणतात. तिच्यात 'जि अन वना' म्हणजे मी तिथे गेलो, मुद्दाम, ठरवून. 'व अन वन' म्हणजे तो तिथे गेला (शेवटचा अ उच्चारायचा). मग वना हे 'मी'चं रूप का? नाही, गंमत पुढेच आहे. तू गेलास असं सांगताना वन, पण तू गेलास का असं विचारताना 'छ अन वना ला', कारण मनातलं ठरवणं आता तुलाच माहीत. म्हणजे रूप माणसावर नाही, करणाऱ्याचा हेतू आतून कोणाला माहीत आहे त्यावर ठरतं. म्हणूनच आजारी पडण्यासारख्या, आपल्या इच्छेत नसलेल्या गोष्टीला 'मी' असला तरी वन छापाचंच रूप. आणि 'तो म्हणाला की तो तिथे गेला' यात दोन्ही 'तो' एकच की वेगळे? मराठीत कळायला मार्ग नाही, नेवारमध्ये वना असेल तर तो स्वतःच, वन असेल तर दुसरा कोणी. ऑस्टिन हेल या भाषाशास्त्रज्ञाने 1980 मध्ये हे मांडलं आणि आता जगभर अशा भाषा शोधल्या जातात. (इथवर डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, पुढे काही अडत नाही.)

2015 च्या संविधानाने नेपाळात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या मातृभाषांना राष्ट्रभाषा म्हटलंय, पण केंद्र सरकारच्या कामकाजाची भाषा नेपाळीच, त्यामुळे पोरांचा ओढा तिकडे असणारच. 2021 मध्ये नेवार समाज 13 लाखांच्या वर आणि नेपाल भाषा मातृभाषा सांगणारे 8 लाख 63 हजारांच्या आसपास. म्हणजे राजधानीतल्या, साहित्य-शिलालेखांची शतकांची परंपरा असलेल्या भाषेची ही गत, मग पूर्वेच्या डोंगरात काही शे किंवा हजार लोक बोलतात त्या राई भाषांचं काय होत असेल?