आयात अन्नातील किरणोत्सारी दूषण

अणुभट्टीतील अपघातात किंवा अण्वस्त्रचाचणीत वातावरणात गेलेली किरणोत्सारी द्रव्ये पिके, गवत, दूध व मासळी यांत उतरतात आणि व्यापारामार्गे परदेशी पोचतात. अशा दूषणाची व त्याविषयीच्या लोकचिंतेची ही नोंद आहे. टिकाऊपणासाठी गॅमा किरणांचा मारा केलेले अन्न हा निराळा विषय होय. त्या प्रक्रियेने अन्न किरणोत्सारी होत नाही; तरी दोहोंची गल्लत वारंवार होते.

आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्यास लागणारा काळ) सुमारे ८ दिवसांचे असल्याने लांबच्या प्रवासात त्याचा बराच ऱ्हास होतो. ताज्या दुधात मात्र, विशेषतः बालकांच्या बाबतीत, ते गंभीर ठरते. व्यापारात मुख्य प्रश्न सीझियम-१३४ (सुमारे २ वर्षे) आणि सीझियम-१३७ (सुमारे ३० वर्षे) यांचा असतो. सीझियम रासायनिक दृष्ट्या पोटॅशियमसारखे असल्याने वनस्पती ते सहज शोषतात. रानातील अळिंबी व रानडुकराचे मांस यांत ते दशकानुदशके आढळते. प्रौढाच्या शरीरातून मात्र ते काही महिन्यांत निम्मे बाहेर पडते.

मर्यादांचे आकडे हा या विषयातील सर्वांत घोटाळ्याचा भाग आहे. २६ एप्रिल १९८६ च्या, सोव्हिएत संघातील चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर युरोपीय आर्थिक समुदायाने मे अखेरीस आयातीसाठी दोन्ही सीझियमची एकत्रित मर्यादा ठरविली: दूध व शिशुआहार यांत किलोमागे ३७० बेकरेल (सेकंदाला एक अणुविघटन म्हणजे एक बेकरेल), इतर पदार्थांत ६००. अमेरिकेनेही त्या वर्षी आयात अन्नासाठी ३७० हाच आकडा घेतला. तो चमत्कारिक वाटतो, पण १० नॅनोक्युरी म्हणजे नेमके ३७० बेकरेल होतात. त्यामुळे जुन्या एककातील सोयीची पूर्ण संख्या नव्या एककात उतरली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पुढे १९८७ च्या अखेरीस त्याच समुदायाने भावी अपघातांसाठी दुग्धजन्य पदार्थांना १,००० व इतर प्रमुख अन्नाला १,२५० अशी मर्यादा घातली. चेर्नोबिलबाधित आयातीला जुनेच आकडे लागू राहिले. एकाच द्रव्याला दोन मर्यादा पाहून लोक साशंक झाले असतील, तर ते स्वाभाविक होते.

कोडेक्स ॲलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संहितेच्या १९८९ च्या मार्गदर्शक पातळ्यांत, आणि त्यांच्या नंतरच्या सुधारित रूपातही, सीझियमसाठी १,००० बेकरेल हाच आकडा आहे. सुधारित पातळ्यांमागील गणित असे: प्रौढ माणूस वर्षाला ५५० किलो अन्न खातो, त्याचा दहावा हिस्सा दूषित आयातीचा आहे, आणि सीझियम-१३७ च्या प्रत्येक बेकरेलमागे मात्रा (किरणोत्सारामुळे शरीराला संभवणाऱ्या हानीचे माप; एकक सिव्हर्ट) ०.०१३ मायक्रोसिव्हर्ट आहे. यातून वर्षाला सुमारे ०.७ मिलिसिव्हर्ट येतात. ठरविलेली कमाल मात्रा १ मिलिसिव्हर्ट आहे. जपानने १ एप्रिल २०१२ पासून सर्वसाधारण अन्नाला १००, दूध व शिशुआहाराला ५० आणि पिण्याच्या पाण्याला १० बेकरेल अशा मर्यादा लागू केल्या. वार्षिक मात्रा तीच, १ मिलिसिव्हर्ट. मात्र तेथे निम्मे अन्न दूषित धरले होते आणि बालकांचे दूध व शिशुआहार तर संपूर्ण दूषित. म्हणजे आकड्यांतील फरक मुख्यतः आहाराविषयीच्या गृहीतकांचा आहे. १०० च्या वर विष आणि खाली अमृत, असा अर्थ त्यातून निघत नाही. हे गणित ग्राहकापुढे उघड मांडले जात नाही, ही खरी उणीव होय.

जपानमधील फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या अपघातानंतर (मार्च २०११) हा वाद जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेला. दक्षिण कोरियाने सप्टेंबर २०१३ मध्ये जपानच्या आठ प्रांतांतील मासळी बंद केली. संघटनेच्या तंटा मंडळाने २०१८ मध्ये जपानच्या बाजूने निर्णय दिला; एप्रिल २०१९ मध्ये अपील मंडळाने त्यातील मुख्य निष्कर्ष फिरवले. १ मिलिसिव्हर्टखेरीज ‘शक्य तितके कमी’ आणि ‘सामान्य पर्यावरणातील पातळी’ हेही कोरियाच्या संरक्षणपातळीचे घटक होते व त्यांचा पुरेसा विचार झाला नव्हता, असे त्या मंडळाचे म्हणणे होते. लोकचिंतेकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणाऱ्यांनी हा निकाल अवश्य वाचावा. युरोपीय संघाने उरलेले निर्बंध ऑगस्ट २०२३ मध्ये उठविले. त्याच महिन्यात फुकुशिमाचे प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडण्यास सुरुवात होताच चीनने सर्व जपानी सागरी अन्नाची आयात थांबविली.

हातातील गायगर गणित्र (किरणोत्साराचे ठोके मोजणारे यंत्र) अन्नावर धरून निष्कर्ष काढण्याची प्रथा भ्रामक आहे. किलोमागे १०० बेकरेल त्यावर पार्श्वभूमीपासून वेगळे ओळखता येत नाहीत. शिवाय प्रत्येक ग्रॅम पोटॅशियममध्ये नैसर्गिक पोटॅशियम-४० चे सुमारे ३१ बेकरेल असतातच. गणित्राला हा भेद कळत नाही. त्यासाठी शिशाच्या आवरणातील, गॅमा किरण ऊर्जेनुसार वेगळे दाखवणारा गॅमा वर्णपटमापक लागतो. त्यावर सीझियम-१३७ ची ६६२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची रेषा स्वतंत्र दिसते.

पेयांत कोरडी पाने आणि तयार पेय यांचे आकडे वेगळे घ्यावे लागतात. चेर्नोबिलनंतर तुर्की चहावरून झालेल्या वादात हा मुद्दा ठळक होता. वाळविलेल्या पदार्थात सीझियमची तीव्रता वाढते. पाण्यात उतरविल्यावर कपातली तीव्रता बरीच कमी असते. पाण्यातील ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) गॅमा मापकावर मुळीच दिसत नाही, कारण ते फक्त दुर्बल बीटा किरण सोडते. ते द्रव-प्रस्फुरण पद्धतीने, म्हणजे किरणांमुळे विशिष्ट द्रवात उमटणाऱ्या प्रकाशाच्या चमका मोजून, मोजतात.