अपंगत्व आणि लैंगिकता: अडतं कुठे?

कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या माणसाला विचारलं की तुझं काय परत आलं तर तुझं जगणं सगळ्यात जास्त सुधारेल, तर तो काय सांगेल? बहुतेक जण म्हणतील चालणं, दुसरं काय असणार. किम अँडरसन या अमेरिकन संशोधक, ज्या स्वतः मज्जारज्जूच्या, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मुख्य नसांच्या जुडग्याच्या, इजेसोबत जगतात, त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हाच प्रश्न अशा ६८१ लोकांना विचारला. ज्यांचे हातपण निकामी झाले होते त्यांनी हात आधी मागितले, ते समजण्यासारखं आहे, हाताशिवाय घासही तोंडात जात नाही. पण ज्यांचे हात शाबूत होते आणि पाय गेले होते त्यांच्या यादीत सगळ्यात वर चालणं नव्हतं, लैंगिक क्षमता होती.

हे वाचून आश्चर्य वाटलं असेल तर त्या आश्चर्यातच या विषयाचं अर्धं मानसशास्त्र आहे. कारण त्या माणसांना अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत प्रेम, स्पर्श, शरीराची ओढ सगळं होतं, आणि एका दिवसात ते संपलं असेल असं आपण न विचारता धरून चालतो. का धरतो?

मानसशास्त्रज्ञ बीट्रिस राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकातच या सवयीला 'स्प्रेड' असं नाव दिलं होतं. म्हणजे माणसाची एक कमतरता दिसली की बघणारा ती त्याच्या सगळ्या व्यक्तिमत्त्वावर पसरवून टाकतो. दृष्टिहीन माणसाशी लोक मोठ्याने बोलतात, जणू त्याला ऐकूही कमी येतं. व्हीलचेअरवर बसलेल्या बाईला काय हवंय ते तिच्या शेजारी उभ्या असलेल्याला विचारतात, तिला नाही. याच चालीने पाय चालत नाहीत म्हणजे इच्छाही नसणार, बोलणं अडखळतं म्हणजे प्रेमात पडण्याएवढी समज नसणार, असं धरलं जातं. कुणी ठरवून वाईट वागत नसतं बरं का, बऱ्याचदा मनात माया असते, पण त्या मायेत समोरच्या तिशी-चाळिशीच्या माणसाचं लहान मूल होऊन जातं, आणि लहान मुलाशी या विषयावर कोण बोलणार.

गंमत नाही, पण विचित्र गोष्ट अशी की याच्या अगदी उलटा समजही तितकाच पक्का आहे. शारीरिक अपंगत्व असेल तर इच्छाच नाही, आणि बौद्धिक अपंगत्व असेल तर इच्छेवर ताबाच नाही. दोन्ही एकाच समाजात शेजारी शेजारी नांदतात. या दुसऱ्या समजाने इतिहासात फार मोठं नुकसान केलंय. अमेरिकेत कॅरी बक नावाच्या तरुणीला 'मंदबुद्धी' ठरवून तिची नसबंदी करायला १९२७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानेच परवानगी दिली. लग्नाआधी दिवस गेले हेच तिच्याविरुद्ध धरलं गेलं होतं, आणि पुढे बाहेर आलं की तिच्यावर बलात्कार झाला होता, आणि बुद्धीत म्हणाल तर तिच्यात काहीच कमी नव्हतं. जर्मनीत १९३३ च्या कायद्याखाली सुमारे ४ लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली. आणि हे फक्त हुकूमशाहीत घडलं असं समजू नका, जपानमधला असा कायदा १९४८ पासून थेट १९९६ पर्यंत चालू होता, सुमारे २५ हजार लोकांची नसबंदी झाली आणि तो कायदा घटनाबाह्य होता असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. काही लोकांना लैंगिक आकर्षण वाटतच नाही, अपंग नसलेल्यांत असे लोक असतात तसे अपंगांतही असतात, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. प्रश्न एवढाच की ते त्या माणसाने स्वतः सांगायचं असतं, इतरांनी त्याच्या खुर्चीकडे बघून ठरवायचं नसतं.

आता हे सगळं बाहेरचं झालं, पण बाहेरचं बाहेर राहत नाही. वर्षानुवर्षं कुणी तुमच्याकडे त्या नजरेने बघितलंच नाही, आरशात दिसणारं शरीर म्हणजे डॉक्टरांनी, फिजिओने, अटेंडंटने हाताळायची वस्तू झालंय, कपडे बदलताना दार बंद करायची कुणाला गरज वाटत नाही, तर हळूहळू माणूस स्वतःच मानायला लागतो की हे आपल्यासाठी नाहीच. ऑस्ट्रेलियात जॉर्ज टॅलेपोरोस आणि मरिटा मॅककेब यांनी शारीरिक अपंगत्व असलेल्या लोकांवर अभ्यास केले, त्यात असं दिसलं की आपण कुणाला हवेहवेसे वाटू शकतो ही भावना आणि आपल्या शरीराबद्दलचं समाधान या दोन गोष्टींचा त्यांच्या आत्मसन्मानाशी आणि नैराश्याशी जवळचा संबंध आहे. म्हणजे ही 'नंतर बघू' म्हणण्यासारखी चैनीची गोष्ट नाही, मानसिक आरोग्याचाच भाग आहे.

हे आतलं मानणं शरीरावर कसं उतरतं त्याचं उत्तर लैंगिकतेच्या संशोधनात मिळतं. जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन यांनी मांडलेल्या मॉडेलनुसार मेंदूत दोन वेगळ्या यंत्रणा एकाच वेळी काम करतात, एक गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखी आणि दुसरी ब्रेकसारखी, आणि उत्तेजना किती येईल ते दोन्हींच्या हिशोबावर ठरतं. लाज, भीती, नाकारलं जाण्याची धास्ती, दुखेल का ही काळजी, मध्येच लघवी झाली तर काय हा विचार, हे सगळे ब्रेक. आता बघा, कुणाची इच्छा कमी झालीय असं दिसलं तर आपण म्हणतो अपंगत्वामुळे गेली, पण कित्येकदा ती इच्छा होती तिथेच असते आणि ब्रेक मात्र पूर्ण दाबलेला असतो. मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकता-संशोधक जोडीने अजून एक गोष्ट टिपली होती, जवळीक चालू असताना माणूस त्यात राहण्याऐवजी बाहेर उभा राहून स्वतःलाच तपासत बसतो की मी कसा दिसतोय, जमतंय का, समोरच्याला किळस तर येत नाहीये ना. हे कुणालाही होतं, पण ज्याच्या शरीराकडे आयुष्यभर टक लावून बघितलं गेलंय त्याला ही सवय लागणं किती सोपं आहे याचा विचार करा.

म्हणून शरीराचा काही संबंधच नाही असं म्हणायचं का? मुळीच नाही, आणि ज्यांना हे भोगावं लागतं त्यांच्यासमोर तसं म्हणणं हा अन्याय होईल. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांना इजा करणारा आजार, त्याच्या बाबतीत फोली आणि आयव्हरसन यांनी १९९२ मध्ये एक मांडणी केली ती मला बऱ्याच आजारांना लावून बघण्यासारखी वाटते. पहिला थर नसांचा, म्हणजे नस खराब झाल्यामुळे संवेदना किंवा उत्तेजना कमी होणं. दुसरा थर आजाराच्या बाकी त्रासाचा, थकवा, स्नायू आखडणं, लघवीवर ताबा नसणं. आणि तिसरा थर मनाचा आणि समाजाचा. तिन्ही एकमेकांत इतके गुंतलेले असतात की फक्त गोळी देऊन पहिला थर सुधारला तरी माणूस तिथेच अडकलेला राहू शकतो, आणि उलट दुसऱ्या थरात अगदी साधा बदल केला, म्हणजे रात्री थकून गेल्यावर नाही तर सकाळी वेळ काढला, आधी लघवी करून घेतली, अंगाखाली उशा नीट लावल्या, तरी खूप फरक पडतो. डिप्रेशनवरच्या काही गोळ्यांनीही इच्छा आणि ऑर्गॅझम (लैंगिक सुखाचा परमोच्च क्षण) दोन्हींवर परिणाम होतो, तेही डॉक्टरांना विचारायला हवं, बरेच जण न विचारता स्वतःलाच दोष देत बसतात.

मज्जारज्जूच्या इजेचं उदाहरण जरा सविस्तर घेऊ कारण शरीर आणि मन कसे मिळून काम करतात ते इथे फार स्पष्ट दिसतं. पुरुषात लिंग ताठ होण्याचे दोन रस्ते आहेत. एक मेंदूतून येणारा, बघून, ऐकून, आठवून सुरू होणारा, त्याच्या नसा पाठीच्या खालच्या भागातून निघतात, आणि दुसरा थेट स्पर्शाने होणारा रिफ्लेक्स, जो कण्याच्या अगदी टोकाकडच्या भागातून चालतो आणि त्याला मेंदूची परवानगी लागत नाही. इजा कुठे झाली त्यावर कोणता रस्ता उघडा राहतो ते ठरतं, म्हणजे 'आता सगळं संपलं' हे वाक्य बऱ्याच जणांच्या बाबतीत चुकीचंच आहे. ज्यांची इजा छातीच्या मधल्या भागापर्यंत किंवा त्याच्या वर आहे त्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायची, उत्तेजनेच्या वेळी बीपी अचानक खूप वाढू शकतं, डोकं जोरात ठणकायला लागलं तर लगेच थांबून, उठून बसायचं, आणि ठणका गेला नाही तर ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यायची. हे प्रत्येक पेशंटला हॉस्पिटलमधून घरी जायच्या आधी सांगायला हवं.

बायकांची गोष्ट तर अजून वेगळी आणि मला राग आणणारी. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या काही बायका सांगायच्या की आम्हाला ऑर्गॅझम येतो, आणि त्यांना उत्तर मिळायचं की तो तुमचा भास आहे, कारण पुस्तकाप्रमाणे खालची संवेदना वर मेंदूत जाऊच शकत नाही. बेव्हर्ली व्हिपल आणि बॅरी कोमिसारुक यांनी त्या बायकांचं म्हणणं खरं धरून तपासलं, २००४ मध्ये मेंदूचं स्कॅनही प्रसिद्ध केलं आणि दाखवलं की गर्भाशयाच्या मुखाकडून व्हेगस नावाची नस मज्जारज्जूला वळसा घालून थेट मेंदूत संदेश पोचवू शकते. मार्का सिप्स्की यांच्या २००१ च्या प्रयोगात मज्जारज्जूला इजा झालेल्या बायकांपैकी निम्म्याहून कमी जणींना लॅबमध्ये ऑर्गॅझम आला, इजा नसलेल्या सगळ्या जणींना आला. आकडा कमी आहे हे खरंच, पण तो शून्य नाही, आणि शून्य आहे असं सांगितलं गेलेल्या बाईसाठी या दोन्हींत केवढं अंतर आहे. शिवाय बरेच जण सांगतात की जिथून संवेदना थांबते त्या सीमेजवळची त्वचा, मान, कान, खांदे हे पूर्वीपेक्षा जास्त जागे होतात.

आता बौद्धिक अपंगत्वाकडे येऊ. कॅनडाचे डेव्ह हिंग्सबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक फार महत्त्वाची गोष्ट मांडली. संस्थेत राहणारा मोठा माणूस चारचौघांत स्वतःच्या गुप्तांगाला हात लावतो, लगेच त्याच्या फाइलवर 'लैंगिक विकृती' असा शेरा पडतो. पण त्याला स्वतःची खोली आहे का, दाराला कडी आहे का, खाजगी जागा आणि सार्वजनिक जागा यांतला फरक त्याला कुणी कधी शिकवला का, हे कुणी विचारतच नाही. त्यांचं म्हणणं होतं की यातलं बरंचसं वागणं विकृतीसारखं फक्त दिसतं, त्यामागे माहिती नसणं, प्रायव्हसी नसणं किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असतो. म्हणजे परिस्थिती आपणच तशी ठेवायची आणि मग तिच्यातून येणारं वागणं त्या माणसाचा स्वभाव म्हणून लिहून ठेवायचं.

पालकांची भीती मी समजू शकते, ती खोटी नाही. २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यांनुसार अपंगत्व असलेल्या मुलांवर लैंगिक हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या २.९ पट असते, आणि अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांवर कुठल्याही प्रकारची हिंसा होण्याची शक्यता १.५ पट. पण या भीतीपोटी घरातले आणि संस्था जे करतात, म्हणजे विषयच काढायचा नाही, अवयवांची नावंसुद्धा शिकवायची नाहीत, त्याने संरक्षण होत नाही, उलट होतं. ज्याला 'नाही' म्हणायची सवयच लावली नाही, ज्याच्या शरीराला रोज कुणीही न विचारता हात लावतं, ज्याच्याकडे काय घडलं ते सांगायला शब्दच नाहीत, त्याच्यावर अत्याचार करणं आणि तो लपवणं दोन्ही सोपं जातं. समजेल अशा भाषेत, चित्रांनी, पुन्हा पुन्हा सांगून शिकवलं तर शरीर, परवानगी आणि नकार या गोष्टी कित्येक जण शिकतात.

जोडप्यांबद्दल थोडक्यात सांगते. जोडीदारच दिवसभर आंघोळ घालणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं हे सगळं करत असेल तर रात्री एकदम प्रियकर किंवा प्रेयसी होणं दोघांनाही जड जातं. शक्य असेल तिथे यातली काही कामं तिसऱ्या माणसाकडे देणं हा नात्यावरचा उपाय आहे, आळस नाही, आणि ते शक्य नसेल तर निदान काळजीचा स्पर्श आणि प्रेमाचा स्पर्श यांच्या वेळा वेगळ्या ठेवता येतात.

टॅलेपोरोस आणि मॅककेब यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते. ज्यांचं अपंगत्व जुनं होतं त्यांना स्वतःच्या लैंगिकतेबद्दल नव्याने अपंग झालेल्यांपेक्षा जास्त बरं वाटत होतं. मधल्या वर्षांत लोक स्वतःच काहीतरी शोधून काढतात असा माझा अर्थ, आपल्या शरीराला काय आवडतं, कसं बोलायचं, कुणावर विश्वास ठेवायचा, पण एकटे आणि चाचपडत, आणि तोवर काहींची नाती तुटून गेलेली असतात. ही वर्षं कमी करता येतात. जॅक ॲनन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये समुपदेशनाच्या चार पायऱ्या सांगितल्या, आधी बोलायची परवानगी, मग थोडी माहिती, मग त्या माणसापुरत्या नेमक्या सूचना, आणि अगदी शेवटी सखोल उपचार. बहुतेकांचं काम पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच होतं असं त्याचं म्हणणं होतं. आणि पहिल्या पायरीसाठी सेक्स थेरपिस्ट लागत नाही, वॉर्डातली नर्स, फिजिओ, फॅमिली डॉक्टर कुणीही चालतं, फक्त त्यांनी भूक, झोप, लघवी, संडास विचारून झालं की त्याच सुरात पुढचा प्रश्न विचारायचा, जवळिकीबद्दल काही विचारायचंय का, आत्ता नको असेल तर नंतर कधीही विचारा.