पॅरासिटामॉल आणि यकृताचे वय

अंगदुखी असो वा ताप, आपल्याकडच्या बहुतेक घरांत आधी हाताशी येते ती पॅरासिटामॉलची गोळी. पोटात गेल्यावर तिचे पुढे काय होते, हे मात्र घेणाऱ्याच्या वयावर बरेच अवलंबून असते, कारण तिचा निचरा मुख्यतः यकृत करते आणि यकृताची कार्यपद्धती आयुष्यभर सारखी राहत नाही.

धडधाकट प्रौढाच्या यकृतात या औषधाचा जवळपास निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ग्लुकुरॉनिक आम्लाशी आणि सुमारे एक तृतीयांश भाग सल्फेटशी जोडला जातो. या जोडणीमुळे ते निष्प्रभ होते, पाण्यात सहज विरघळते आणि लघवीवाटे बाहेर पडते. साधारण ५ ते १० टक्के औषधापासून मात्र एक विषारी पदार्थ तयार होतो. यकृतातले ग्लुटाथायोन त्याला लगेच निकामी करते; पण मात्रा फार झाली तर हा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात.

नवजात बाळात ग्लुकुरॉनिक आम्लाची जोडणी करणारी एन्झाइम्स अजून पुरती तयार नसतात. जन्मानंतर अनेक बाळांना होणाऱ्या काविळीमागेही याच कुळातल्या एका एन्झाइमची अपरिपक्वता असते. सल्फेटचा मार्ग मात्र जन्मतःच बऱ्यापैकी चालू असल्याने बाळाचे यकृत त्याच्यावर भिस्त ठेवते. तरीही निचरा सावकाशच होतो : प्रौढांच्या रक्तातली औषधाची पातळी दोन-तीन तासांत निम्म्यावर येते, बाळात त्याला अधिक वेळ लागतो आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्याहूनही अधिक. म्हणूनच इतक्या लहान बाळाला हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. दोन्ही मार्गांचे प्रमाण प्रौढांसारखे व्हायला वयाची सुमारे बारा वर्षे जावी लागतात.

मोठ्या बाळांना आणि मुलांना मात्रा वजनावरून, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम अशी, ठरवतात. इथे घोटाळा होतो तो मोजण्यात. थेंबांच्या औषधात बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, तर नेहमीच्या एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५. सिरपच्या मापाने थेंबांचे औषध दिले, तर बाळाला चौपट मात्रा जाते.

उतारवयात यकृत आकाराने लहान होते आणि त्याकडे येणारा रक्तपुरवठाही घटतो. पण केवळ वयाचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. हिंडत्याफिरत्या, नीट जेवणाऱ्या वृद्धाचे यकृत हे औषध बऱ्यापैकी हाताळते. खालावलेल्या, वजन घटलेल्या वृद्धात निचरा स्पष्टपणे मंदावतो आणि उपासमारीने ग्लुटाथायोनही कमी पडू शकते. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम धरतात. अशक्त वृद्धांसाठी डॉक्टर ती बरीच खाली आणतात. गुडघेदुखीसाठी ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या घेणाऱ्या आजींनी त्याच दिवशी सर्दीच्या तीन गोळ्या घेतल्या आणि त्या प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असले, तर बेरीज ४.१ ग्रॅम होते.