अपडेट केल्यावर काय उरतं? रिफ्लेक्टेड आणि स्टोअर्ड एक्सएसएस

वर्डप्रेस साइटच्या एखाद्या प्लगिनमध्ये (साइटला जोडलेल्या तयार सुविधेत) एक्सएसएसचा दोष, म्हणजे परक्याची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) साइटच्या पानावर चालू देणारी चूक, सापडल्याचा ईमेल आला की नागपुरातला दुकानदार असो वा क्लासचालक, पहिला प्रश्न एकच विचारतो: अपडेट मारलं की झालं ना? दोष रिफ्लेक्टेड प्रकारचा असेल तर बहुधा झालं. स्टोअर्ड असेल तर नाही.

रिफ्लेक्टेडमध्ये स्क्रिप्ट लिंकमध्येच दडलेली असते. प्लगिन तो मजकूर न तपासता पानावर छापतो आणि ज्याने लिंक उघडली त्याच्याच ब्राउझरमध्ये ती चालते. तो अ‍ॅडमिन असेल तर नुकसान मोठं होतं, पण दर वेळी कुणाला तरी फशी पाडावं लागतं. दोष दुरुस्त झाला की जुन्या लिंक निकामी.

स्टोअर्डला फशी पाडायची गरजच नाही. समजा, धरमपेठेतल्या एका क्लासच्या चौकशी फॉर्ममध्ये विद्यार्थ्याच्या नावाच्या रकान्यात कुणी स्क्रिप्ट भरली. ती डेटाबेसात गपचूप पडून राहते. सकाळी ऑफिसातल्या ताई अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन करून चौकशांची यादी उघडतात आणि स्क्रिप्ट त्यांच्या अधिकाराने चालते. लॉगिनची कुकी (ब्राउझरमधली लॉगिनची ओळख) चोरता आली नाही तरी अडत नाही. त्यांच्याच ब्राउझरमधून नवा अ‍ॅडमिन तयार करता येतो.

लाखो साइटवर असलेल्या लाइटस्पीड कॅश या प्लगिनमध्ये नेमका असा, लॉगिन न करता वापरता येणारा दोष निघाला; त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-४००००. दुरुस्ती ऑक्टोबर २०२३ मध्येच ५.७.०.१ आवृत्तीत आली होती. तरी २०२४ मध्ये अपडेट न केलेल्या साइटवर हल्लेखोर स्वतःचे अ‍ॅडमिन तयार करत होते.

आता अपडेटचं. प्लगिनवाल्याने फक्त फॉर्म घेतानाची तपासणी कडक केली असेल, तर आधी साठलेली स्क्रिप्ट पुढेही चालत राहते. पानावर छापताना एस्केपिंग केलं असेल, म्हणजे कोडची खास चिन्हं निरुपद्रवी केली असतील, तर तीच स्क्रिप्ट साधी अक्षरं म्हणून दिसते. माझ्या मते खरी दुरुस्ती हीच. पण दरम्यान घुसलेला अ‍ॅडमिन कुठल्याच अपडेटने निघत नाही. युजरची यादी उघडून अनोळखी अ‍ॅडमिन काढा, डेटाबेसात स्क्रिप्टचे टॅग शोधा, प्लगिनच्या फाइल मूळ प्रतीशी ताडून पाहा. मगच सगळ्यांचे पासवर्ड बदला. साठलेली स्क्रिप्ट जिवंत असताना बदललात, तर ताईंनी पुढची चौकशी उघडताच नवा अ‍ॅडमिन पुन्हा तयार होईल.