नागासाकीचा निर्णय घेतला कुणी?

अणुबाँब टाकून युद्ध संपवणं कधी समर्थनीय ठरतं का, ही चर्चा हिरोशिमापासून सुरू होते आणि बहुधा तिथंच संपते. गोव्यातल्या माणसानं तरी नागासाकीकडेही पाहायला हवं. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच जपानला निघाले होते. १५७१ पासून नागासाकी पोर्तुगीज जहाजांचं बंदर झालं आणि गोवा, मकाव, नागासाकी असा व्यापार बांधला गेला. वसईचे गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये तिथल्याच टेकडीवर क्रुसावर चढवण्यात आलं. पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. नागासाकीच्या उराकामी भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी अडीचशे वर्षं लपूनछपून श्रद्धा जपली आणि बंदी उठल्यावर मोठं चर्च उभारलं.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी त्या चर्चमध्ये लोक कन्फेशनसाठी आले होते. १५ ऑगस्टचं मारियेचं फेस्त जवळ आलं होतं. बाँब तिथून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर फुटला. आत असलेलं कुणीच वाचलं नाही.

त्या दिवशी लक्ष्य होतं कोकुरा हे दुसरंच जपानी शहर. तिथलं आकाश धुरकट होतं. तीन फेऱ्या मारूनही नेम साधेना, इंधन कमी पडत चाललं, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. मुळात हा हल्ला ११ ऑगस्टला व्हायचा होता. हवामान बिघडणार असा अंदाज आल्यामुळे तो दोन दिवस अलीकडे आणला.

या दुसऱ्या बाँबसाठी वेगळा निर्णय झालाच नव्हता, हे फारसं सांगितलं जात नाही. अमेरिकेच्या २५ जुलैच्या लष्करी आदेशात पहिला बाँब साधारण ३ ऑगस्टनंतर टाकावा आणि पुढचे तयार होतील तसतसे टाकत जावेत, असं लिहिलं होतं. जपानला शरणागतीचा इशारा देणारा पॉट्सडॅम जाहीरनामा निघाला तो त्यानंतर, २६ जुलैला. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या परवानगीशिवाय आणखी बाँब टाकायचा नाही असं बजावलं ते १० ऑगस्टला. तोवर दोन्ही शहरं गेली होती.

‘बाँब पडला नसता तर लाखो सैनिक मेले असते’ हा युक्तिवाद रुजवण्यात अमेरिकेचे माजी युद्धमंत्री स्टिमसन यांच्या १९४७ च्या लेखाचा मोठा वाटा आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. ओकिनावात अमेरिकेचे बारा हजारांवर लोक मेले होते, जपानच्या क्युशू बेटावर १ नोव्हेंबरला सैन्य उतरवायचा बेत तयार होता आणि टोकियोतली लष्करी मंडळी शेवटपर्यंत लढायच्या गोष्टी करत होती. चीन आणि आग्नेय आशियात जपानी ताब्याखाली माणसं रोज मरत होती, हेही विसरून चालणार नाही. पण जुलैमध्ये जपान सोव्हिएत युनियनमार्फत मध्यस्थीची खटपट करत होता आणि अमेरिका त्याचे गुप्त संदेश वाचत होती. एक मोठा अडसर शरणागतीनंतर सम्राटाचं स्थान राहणार का, याचा होता, आणि शेवटी सम्राट गादीवर राहिलाच. त्यात ९ ऑगस्टलाच सोव्हिएत सैन्य जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात (ईशान्य चीनमध्ये) घुसलं. त्यामुळे जपान नेमका कशामुळे झुकला, यावर इतिहासकार अजून भांडतात.

ऐन युद्धातही शत्रूशी बोलता येतं, याचा पुरावा आपल्या मुरगावात आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकेकडून आलेलं ‘ग्रिप्सहोल्म’ आणि जपानचं ‘तेइया मारू’ अशी दोन जहाजं तटस्थ गोव्याच्या या बंदराला लागली. स्वित्झर्लंड आणि स्पेनमार्फत बोलणी होऊन दोन्ही बाजूंचे हजाराहून जास्त अडकलेले नागरिक इथे जहाज बदलून मायदेशी गेले. एकमेकांची शहरं जाळायला निघालेल्या सरकारांना प्रवाशांच्या याद्यांवर एकमत करता आलं. सम्राटाचं आसन राहील एवढं एक वाक्य मात्र बाँब पडण्याआधी लिहिता आलं नाही. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांच्या आसपास माणसं मेली. बोलण्याचा हा मार्ग पुरता चाचपून न पाहता टाकलेल्या बाँबचं समर्थन मला मान्य नाही. नागासाकीच्या बाबतीत तर तो टाकायचा की नाही, हे पुन्हा कुणी विचारलंही नव्हतं.

कायद्यानं हा प्रश्न पुरता मिटवलेला नाही. टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं १९६३ मध्ये दोन्ही हल्ले आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध ठरवले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९९६ मध्ये अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे बेकायदा म्हटला. पण राष्ट्राचं अस्तित्वच धोक्यात असेल तर काय, याचं ठाम उत्तर दिलं नाही. न्यायाधीशांची मतं सात विरुद्ध सात पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर तो निकाल लागला.